काकू, किडा आणि कॉट बेसिस

"काल रात्री तुमच्याकडे कोण एवढं किंचाळत होतं रे?" काकूंनी पायपुसणं भिंतीवर झटकत विचारलं.

"सिनेमा लावला होता काकू."

"ते कळलं मला. पण त्या बाईला झालं काय होतं?"

"अंगात किडा शिरला होता."

"मग जंताची गोळी द्यायची. अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम, चावून खायची. १० फेब्रुवारीला शाळेत पोरांना फुकट देतात. त्यासाठी मध्यरात्री गल्ली कशाला जागी करायची?"

निगडी प्राधिकरणात अजून काही बैठी घरं शिल्लक आहेत आणि त्यांच्यामध्ये छातीएवढ्या कंपाउंडच्या भिंती आहेत. २०१९च्या नोव्हेंबरपासून शहरात दिवसाआड पाणी येतं, तेव्हापासून आमच्या गप्पांचंही वेळापत्रक ठरून गेलंय. पाण्याच्या दिवशी दोन्हीकडच्या मोटारी चालू आणि टाकी भरेपर्यंत दोन्हीकडची माणसं अंगणात अडकलेली. काकू पिंपरीच्या एच.ए. कंपनीत, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, लॅबला होत्या. निवृत्त होऊन जमाना झाला, पण हात अजून कोपरापर्यंत धुतात.

मी त्यांना सगळं सांगितलं. माझा पुतण्या चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे. त्याला आणि त्याच्या मित्रांना सिनेमा काढायचाय. भुताचा नाही, परजीवीचा. माणसाच्या अंगात काहीतरी शिरतं, आत वाढतं आणि मग त्या माणसाला चालवायला लागतं, असला. सगळ्यांचे खिसे उलटे केले तरी रक्कम लाखाच्या आत. "काका, तुम्ही व्हिडिओ पार्लरच्या काळात असलेच सिनेमे बघायचात ना, यादी द्या," म्हणाला. यादी करायच्या निमित्तानं मी सगळे पुन्हा बघत बसलोय.

"हा तोच ना, ज्याचं लग्न जमत नाहीये?"

"तोच."

"किडे घेऊन बसला तर जमेल कसं!"

कालचा सिनेमा होता 'शिव्हर्स'. १९७५चा, डेव्हिड क्रोननबर्ग नावाच्या तेव्हा कोणाला माहीत नसलेल्या पोराचा. मॉन्ट्रियलला नदीतल्या बेटावर एक भलीमोठी सोसायटी असते, दुकानं, दवाखाना, पोहायचा तलाव, सगळं आतच. एका डॉक्टरच्या डोक्यात येतं की माणसाची किडनी बिघडली, तर तिचं काम करणारा एखादा किडाच आत सोडून द्यावा. किडा तयार होतो, सुटतो आणि घराघरांतून फिरायला लागतो. एका बाईकडे तर तो बाथटबच्या भोकातून वर येतो. सगळा खर्च पावणेदोन लाख कॅनेडियन डॉलरच्या आसपास, त्यात सरकारी पैसा. मग काय, करदात्यांच्या पैशातून ही घाण काढली म्हणून तिकडच्या मासिकात झोडपलं, प्रकरण संसदेपर्यंत गेलं आणि सिनेमानं मात्र पैसे वसूल केले. तो किडा माणसाला नेमकं काय करायला लावतो, हे काकूंना भिंतीवरून सांगण्यासारखं नव्हतं. "लोक चळतात" एवढ्यावर मी भागवलं. काकू काय समजायचं ते समजल्या.

"त्या सोसायटीत कोणी कोणाकडे विरजण मागायला जात नाही का रे?"

"म्हणजे?"

"अरे, आपल्या गल्लीत कोणी दोन दिवस पोट धरून फिरला, तर तिसऱ्या दिवशी काय खाल्लं, कुठं खाल्लं, कोणत्या डॉक्टरकडे गेला, सगळं मला ठाऊक असतं. किड्याला दुसऱ्या घरात जायला मिळालंच नसतं."

ही गोष्ट मला आजवर कोणत्या समीक्षकाकडून ऐकायला मिळालेली नाही. या सिनेमांतली माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत. नवऱ्याच्या पोटात काहीतरी वळवळतंय हे बायकोला दिसतं आणि ती दार लावून झोपते. स्वस्त सिनेमात हे पटकथेचं दुबळेपण असतं, कारण कोणी बोललं तर गोष्ट वीस मिनिटांत संपेल. 'शिव्हर्स'मध्ये मात्र ते पटतं, कारण ती सोसायटीच तशी आहे. लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघता मोबाईल... बरं, तेव्हा मोबाईल नव्हते, पण माणसं तीच. मी काकूंना म्हटलं, आपली गल्ली सोडा, मोशी-चिखलीच्या नव्या टॉवरमध्ये हा सिनेमा जसाच्या तसा घडेल. शेजारच्या फ्लॅटवाल्याचं आडनाव लोकांना त्याच्या पार्सलवरून कळतं.

"पण मग भुताचाच का नाही काढत? आपल्याकडे भुतं काय कमी आहेत?"

याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. पहिलं म्हणजे पैसा. भुताला टोप लागतो, साडी लागते, धूर लागतो, जुना वाडा भाड्यानं घ्यावा लागतो. परजीवी ज्याच्या अंगात आहे तो माणूस कालच्यासारखाच दिसतो. तो चहा पितो, बसला रांग लावतो, पंच करून आत जातो. प्रेक्षकाला एकदा शंका आली की पुढचं काम प्रेक्षकच करतो, आणि त्याला पगार द्यावा लागत नाही. दुसरं असं, की भुताला काहीतरी कारण असतं. त्याची जमीन गेलेली असते, त्याचा खून झालेला असतो. महेश कोठारेंच्या 'झपाटलेला'तला तात्या विंचूसुद्धा बाहुल्यात शिरतो आणि त्याला पुन्हा माणसाचं शरीर हवं असतं. १९९३ पासून तो रामदास पाध्यांचा बाहुला लोक विसरलेले नाहीत, कारण त्याला हाव आहे, राग आहे, त्याच्याशी भांडता येतं. किड्याचा कोणावर राग नसतो. त्याला नारळ देता येत नाही, कोंबडं कापता येत नाही, भगतानं विचारलं "काय पायजे तुला" तर तो काही सांगत नाही.

"धारपांच्या भयकथा वाचायचे मी," काकू म्हणाल्या. "रात्रपाळीला कंपनीच्या बसमध्ये. त्यात तर काही दाखवायची सोयच नव्हती, तरी उतरताना पाय लटपटायचे."

नेमकं हेच पुतण्याला पटत नाही. त्याला किडा दाखवायचाय. नुसता दाखवायचा नाही, जवळून दाखवायचा. कंपनीतल्या ओळखीच्या भंगारवाल्याकडून त्यानं रिजेक्ट झालेली सिलिकॉनची सील आणली, ब्लेडनं कापून सरळ केली, सुपरग्लूनं एकमेकांना जोडली आणि वर कॉर्नफ्लोर, साखरेचा पाक आणि खायचा लाल रंग ओतला. मागच्या रविवारी आमच्या ओट्यावर हा प्रकार चालू होता. ट्यूबलाइटच्या उजेडात तो किडा जसा होता तसाच दिसत होता, म्हणजे सील. एका बाजूला बॅच नंबर उठलेला. मग त्यानं सगळे दिवे घालवून मोबाईलचा टॉर्च तिरपा धरला, मासे पकडायच्या नायलॉन दोरीनं ते हळूच दोन इंच ओढलं आणि माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर पळाली. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा तीच म्हणाली, "गॅसवर दूध आहे, सरका." दोनदाच. त्यापुढे रबर ते रबर. जगभरच्या स्वस्त किडापटांचं गणित या ओट्यावर मला समजलं. मी त्याला म्हटलं, अख्ख्या सिनेमात किडा दोनदा दाखव आणि बॅच नंबर खालच्या बाजूला ठेव.

विल्यम कॅसलला हे कधीच कळून चुकलं होतं. त्याचा 'द टिंगलर' १९५९चा. भीती वाटली की माणसाच्या पाठीच्या कण्यावर एक किडा वाढतो आणि ओरडलं की तो ढिला पडतो, ही कल्पना. किडा म्हणजे दोरीनं ओढलेली मोठी गोम, हसू येईल अशी. पण कॅसलनं काही थिएटरांत खुर्च्यांखाली छोट्या मोटारी बसवल्या होत्या. ऐन वेळी त्या थरथरायच्या आणि पडद्यावरून व्हिन्सेंट प्राइस सांगायचा, ओरडा, जीव वाचवायचा असेल तर ओरडा. लोक ओरडायचे.

"आपल्याकडे खुर्चीखाली ढेकूणच असायचे, मोटारीची काय गरज," काकू म्हणाल्या. "बरं, हे सांग, तुझ्या त्या सिनेमांत लॅब असते का?"

असते. दर वेळी असते. आणि इथं काकूंनी तोंडाचा जो पट्टा सोडला, तो थांबेना. नवऱ्यानं आतून "चहा" म्हणून हाक मारली ती सुद्धा त्यांनी ऐकली नाही. म्हणे परवा नातवानं एक दाखवला, त्यात शास्त्रज्ञ हातमोजे न घालता डिश उघडतो, तिच्यावर तोंड नेऊन बोलतो, मग तोच हात कपाळाला लावतो. लॅबमध्ये अंधार कशाला? नमुना अंधारात बघतात का? आणि सूक्ष्मदर्शकात एकदा डोळा घातला की लगेच "अरे देवा!" "आम्हाला एक स्लाइड बघायला दुपार जायची. आणि बघितल्यावर 'अरे देवा' नाही, रजिस्टरमध्ये नोंद." सगळ्यात जास्त राग त्यांना त्या किड्याच्या घाईचा. सकाळी शिरला, दुपारी डोळे लाल, संध्याकाळी छाती फोडून बाहेर. "घरमालकाला पहिल्याच दिवशी मारलं तर भाडेकरू राहणार कुठं? खरा परजीवी कसा गपगुमान राहतो. सिनेमातल्या किड्याला हे नाही सुचत."

मी म्हटलं, काकू, तो हॉलीवूडचा 'एलियन', तो काही स्वस्तातला नव्हे, छाती फोडायची फॅशन त्यानं आणली. त्यात निदान पहिली पाळी पुरुषावर आली होती. नंतरच्या नकलांमध्ये किड्याला बाईचंच पोट लागतं, ते का, यावर काकूंनी जे मत दिलं ते छापण्यासारखं नाही, पण बरोबर आहे.

मग विषय बुरशीवर गेला, कारण नातू ती 'द लास्ट ऑफ अस' मालिका बघतो. मुंगीच्या अंगात कॉर्डिसेप्सची बुरशी शिरून तिला चालवते ही खरी गोष्ट, ती माणसात आली तर काय, असं ते कथानक. मालिका काही स्वस्तातली नाही, पण काकूंना त्याचं देणंघेणं नव्हतं. "बुरशीला घाबरतायत! अरे, आम्ही बुरशी टाकीत वाढवून पेनिसिलिन काढायचो. आणि बुरशी मारायचं औषधही आपल्या पिंपरीतच निघालं, हॅमायसिन. साठच्या दशकात, थिरुमलाचार साहेबांच्या वेळेला. आपल्या मातीतला जंतू, त्याचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरीचं नाव आहे त्यात. या पोरांना सांग, तिकडे अख्खी अमेरिका बुरशीनं गेली तरी पिंपरी राहील." हे म्हणताना त्या थोड्या ताठ उभ्या राहिल्या. तेवढा हक्क त्यांना आहे.

त्यांना आवडेल म्हणून मी एका कोरियन सिनेमाची गोष्ट सांगितली. २०१२चा, इंग्रजीत 'डिरेंज्ड'. टोळ-नाकतोड्यांच्या पोटात एक केसासारखी लांब अळी वाढते आणि शेवटी त्यांना पाण्यात उडी मारायला लावते, हे खरं आहे. सिनेमात ती माणसात येते. माणसं अचानक खा-खा खातात, तहानेनं वेडी होतात आणि नदीकडे धावतात. नायक औषध कंपनीचा विक्रेता. औषध एकाच कंपनीचं लागू पडतं आणि ते बाजारातून गायब.

"हे खरं वाटतं," काकू म्हणाल्या. "गायब होणारच."

किडा बाजूला पडतो आणि गोळी मिळवायची धावपळ उरते, तिथं तो सिनेमा पकडतो. तसाच बॅरी लेव्हिन्सनचा 'द बे', तोही २०१२चाच. मोठा दिग्दर्शक, पण सिनेमा जुजबी खर्चाचा, हौशी चित्रण, वेबकॅम, फोन असं जोडून केल्यासारखा. माशाची जीभ खाऊन तिच्या जागी स्वतःच बसणारा एक किडा खरोखर असतो, तो इथं खाडीच्या पाण्यातून माणसांत येतो. अंगावर काटा आणतो तो मात्र गावाचा महापौर, ज्याला पाण्याचा अहवाल माहीत असतो आणि सणाच्या दिवसाचं गिऱ्हाईक जायला नको असतं.

काकू थोडा वेळ मोटारीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नारू बघितलायस तू?"

मी फक्त नाव ऐकलं होतं.

"माझ्या मामाला झाला होता. आमचं आजोळ मराठवाड्यात. गावाला पायऱ्यांची विहीर. लोक खाली उतरायचे, घोटाभर पाण्यात उभं राहून घागर बुडवायचे. मामाच्या घोट्यावर आधी फोड आला, नुसती आग. पाण्यात पाय घातला की बरं वाटायचं, आणि तीच खरी मेख. पाय बुडाला की नारूची मादी आतून पाण्यात पिल्लं सोडायची. ती सायक्लॉप्स म्हणून बारीक जीव असतो, त्याच्या पोटात जायची, आणि तो सायक्लॉप्स पुढच्या माणसाच्या घागरीत. पिणाऱ्याला वर्षभर पत्ता नाही. वर्षानं फोड."

"मग?"

"फोड फुटला आणि पांढरं टोक बाहेर आलं. आजीनं तुरीची काडी तासून घेतली, तिला ते टोक गुंडाळलं आणि वरून चिंधी बांधली. रोज सकाळी एक वेढा. जास्त ओढलं आणि तुटलं तर आत पू होऊन पाय सुजायचा. पेरणी तोंडावर आलेली आणि मामा ओसरीवर पाय लांब करून बसलेला. मी समोर बसून बघायचे. दोन हात लांब निघाला. ओरडत कोणी नव्हतं हो. आजी काडी फिरवता फिरवता मामाला बैलांचं विचारायची."

मी विचारलं, "पण तुम्ही आत्ता म्हणालात, गल्लीला कळलं असतं तर किडा पसरलाच नसता. तिथं तर अख्ख्या गावाला माहीत होतं."

"हो. कोणाला निघालाय, कुठल्या पायाला, कितवा, सगळं माहीत. तरी पाणी तिथलंच. दुसरी विहीर होती कुठं?"

पुढचं काकूंनी कामाचं बोलावं तसं भराभर सांगितलं. नारूवर ना लस ना गोळी. १९८३-८४ पासून सरकारनं देशभर मोहीम घेतली, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, कठडे बांधले, हातपंप बसवले, विहिरीत औषध टाकलं आणि दुहेरी फडक्यातून पाणी गाळायला लावलं. देशातला शेवटचा रुग्ण १९९६च्या जुलैत राजस्थानात, जोधपूर जिल्ह्यात. २००० सालच्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त म्हणून दाखला दिला. "एच.ए.त काम केलेली बाई सांगतेय, यात पोटात घ्यायच्या औषधाचं काही नव्हतं. फडकं होतं."

हे ऐकल्यावर पुतण्याच्या पटकथेतली उल्का माझ्या डोळ्यांसमोर आली. तळवड्याच्या माळावर उल्का पडते आणि तिच्यातून किडे निघतात, अशी त्याची सुरुवात आहे. तसे अमेरिकेत ढिगानं झालेत. मी काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "उल्का कशाला? आळंदीला जाऊन इंद्रायणीचा फेस दाखव म्हणावं." मराठीत आदित्य सरपोतदारच्या 'झोंबिवली'नं २०२२ मध्ये हेच ओळखलं होतं. पहिला मराठी झोंबीपट, विनोदी, डोंबिवलीतला, पण भांडण टॉवर आणि वस्तीमधल्या पाण्याचं. त्यातले झोंबी मला फारसे आठवत नाहीत, पाणी आठवतं. आणि विशाल फुरियाच्या 'लपाछपी'त एका उसाच्या फडानं जेवढं काम केलं, तेवढं कॉम्प्युटरवरच्या चित्रांनी केलं नसतं. पुढे हिंदीत 'छोरी' झाला त्याचा. आमच्याकडे ऊस उरला नाही, पण टँकर आहेत. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याला, नांदेड-किरकटवाडीकडे जीबीएसचे, म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे, पेशंट निघाले तेव्हा इथं निगडीत लोक पाणी उकळत होते. तो परजीवी नव्हता, पण विहिरीकडे आणि टँकरकडे बघायची सगळ्यांची नजर बदलली होती. ती नजर कॅमेऱ्याला फुकट मिळते.

"त्याला सांग," काकू म्हणाल्या, "चाकणला पोरं नुसती कॉट भाड्यानं घेऊन राहतात ना, ते काय म्हणतात... कॉट बेसिस."

"हो. महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, सगळीकडे पाट्या आहेत."

"एकाच कॉटवर दोघं असले तर? पहिल्या शिफ्टचा उठतो, रात्रपाळीचा येऊन तिथंच पडतो. चादर तीच, पाण्याची बाटली तीच. दोघांची भेट कधी होतच नाही."

मी भिंत धरून उभा राहिलो. हा सिनेमा आहे. दोन माणसं, एक कॉट, एक बाटली, एक खोली. किडा एकातून दुसऱ्यात जातो आणि दोघांनी एकमेकांना पाहिलेलंच नाही. एकाला दुसऱ्याची ओळख फक्त उशीच्या वासावरून. बोलायचं कोणाशी? ठेकेदार विचारणार नाही, खाडा झाला तर पगार कापेल. आजारी आहे हे सांगायची सोयच नाही, म्हणून पात्रं गप्प का, हा प्रश्न निकालात निघाला. नट दोन, तेही पुतण्याच्या कंपनीतले. पोशाख म्हणजे कंपनीचा शर्ट. काकूंच्या मामासारखी वर्षभराची सावकाशी ठेवायची. मध्ये एक जण गावाला जाऊन येतो, एकाचं लग्न ठरतं.

"आणि शेवट?" काकूंनी विचारलं.

शेवटाला या सिनेमांची नेहमी गाडी अडते. एक तर मिलिटरी येऊन गाव जाळते, नाहीतर सगळं निवळल्यावर कोणाच्या तरी मानेखाली काहीतरी हलतं, पुढच्या भागासाठी. मिलिटरी परवडणार नाही. मान हलवायला सील आहे.

"मान नको," काकू म्हणाल्या. "तिसऱ्या शिफ्टला नवीन पोरगा राहायला येतो, एवढंच दाखवा. डिपॉझिट देतो, बाटली भरून घेतो."

मी लगेच फोन काढून पुतण्याला मेसेज करायला लागलो. काकू भिंतीवरून वाकून बघत होत्या, काय टाइप करतोय ते. म्हणाल्या, लॅबचा सीन ठेवणार असाल तर मी करीन, पण माझ्या अटी आहेत. हातमोजे मी माझे आणीन. डिश कोणी उघडायची नाही. दिवे चालू. "अरे देवा" मी म्हणणार नाही, रजिस्टरमध्ये लिहीन. दुपारी जेवण पाहिजे, नुसता वडापाव चालणार नाही. आणि शूटिंग चाकणला असेल तर सकाळी सहाला निघायचं, तळेगाव चौकाच्या ट्रॅफिकमध्ये आठ वाजता मी काही बसणार नाही, किड्याला बसवायचं तर बसवा.